पोलिसांची मस्केट म्हणून पेटीतून काढायला निघालेली रायफल

फौजेत आर्मोरर, म्हणजे हत्यारं तपासणारा-दुरुस्त करणारा होतो, आता रिटायर आहे, पण कुठे जुनं हत्यार ओळखायचं असलं की अजून फोन येतात. असाच एक फोन मागच्या पावसाळ्यात पश्चिम महाराष्ट्रातल्या एका छोट्या संग्रहालयातून आला. त्यांच्याकडे एक ली-एनफिल्ड, म्हणजे ब्रिटिश फौजेची जुनी .३०३ रायफल आहे, पूर्वीच्या एका संस्थानाच्या पोलिसांच्या कोतमधून म्हणजे हत्यारखान्यातून आलेली, रीतसर निकामी करून परवानगीने ठेवलेली, आणि काचेच्या पेटीत कार्ड होतं "पहिले महायुद्ध, कुत-अल-अमाराच्या वेढ्यातील रायफल". कुणीतरी जाणकार येऊन सांगून गेले की ही ओरिजिनल नाहीच, पोलिसांची .४१० मस्केट आहे, म्हणजे आतून गुळगुळीत नळीची, एकावेळी एकच काडतूस झाडणारी बंदूक, काढून टाका. झालं, सगळे घाबरले.

मी पोचलो तर टेबलावर रायफल, मॅगझिनच्या (गोळ्यांच्या पेटीच्या) जागी लाकडी ठोकळा, आणि बाजूला एक सुटं .३०३ चं मॅगझिन, दुसऱ्या रायफलमधून काढलेलं. क्युरेटर मॅडम म्हणाल्या, "काका, तो लाकडी ठोकळा काढून हे बसवून द्या ना, म्हणजे परत ओरिजिनल होईल." मी म्हटलं मॅडम, आधी मला नीट बघू द्या, तोपर्यंत कुणी स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊ नका.

सवयीने आधी बोल्ट उघडून चेंबर बघितलं. मग खोलीतला मोठा दिवा बंद करायला लावला आणि मोबाइलचा टॉर्च अगदी आडवा धरला, कारण जुने ठसे समोरच्या उजेडात सपाट दिसतात, तिरक्या उजेडात त्यांची सावली पडते आणि मग वाचता येतात. बटच्या पुढे, बोल्टच्या हँडलजवळ जो लोखंडी भाग असतो ना, सॉकेट म्हणतात त्याला, त्याच्या उजव्या बाजूवर रायफलचा जन्मदाखला असतो. वर मुकुट, खाली जी.आर. म्हणजे राजा जॉर्ज, मग बी.एस.ए. कंपनी, म्हणजे बर्मिंगहॅमचा कारखाना, १९१५, आणि शेवटी रोमन तीन, म्हणजे मार्क तीन नमुना. तीनच्या पुढे स्टार नाही!

हे स्टारचं प्रकरण महत्त्वाचं आहे. युद्धाच्या घाईत रायफली भराभर हव्या होत्या म्हणून मार्क तीनमधले काही भाग गाळून स्वस्त केलेला नमुना आला, त्याला स्टार लागला. गाळलेल्या भागांत मॅगझिन कट-ऑफ होता, म्हणजे मॅगझिनवर सरकणारी एक पत्र्याची पट्टी, ती आत ढकलली की दहा गोळ्या राखीव राहतात आणि शिपाई एकेक गोळी हाताने भरून झाडतो. या रायफलीत ती पट्टी नव्हती पण बॉडीच्या, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या लोखंडी सांगाड्याच्या, उजव्या बाजूला तिची खाच जशीच्या तशी होती, मी मॅडमच्या नखाला लावून दाखवली. म्हणजे बॉडी शंभर टक्के युद्धकाळातली, बर्मिंगहॅमची.

मग बाकीचं बघत गेलो. बॉडीवरचा नंबर आणि बोल्टच्या हँडलमागचा नंबर एकच, हे फार चांगलं लक्षण, कारण बोल्ट त्याच बॉडीला फिट करून नंबर मारायचे. पण नोज कॅपवर, म्हणजे नळीच्या तोंडाजवळच्या लोखंडी टोपीवर, वेगळा नंबर रेघ मारून खोडलेला आणि खाली हिचा नंबर नव्याने ठोकलेला. त्याला काही लोक बनावट म्हणतात, माझ्या मते उलट आहे, सरकारी वर्कशॉपमध्ये दुसऱ्या रायफलचा भाग वापरला की असंच करत, उघड उघड खोडून. बाणाखाली इंग्रजी आय, म्हणजे हिंदुस्थान सरकारची मालमत्ता. आणि .४१० चा ठसा, नळी आतून गुळगुळीत, रायफलिंग म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या पिळाच्या खाचा नाहीत, मॅगझिनच्या जागी लाकूड. अशा रायफली बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात बदलून पोलिसांना आणि जेलच्या पहाऱ्याला दिल्या, एका वेळी एकच काडतूस, आणि मार .३०३ च्या मानाने कितीतरी कमी.

म्हणजे ते जाणकार म्हणाले ते खरं, आणि महायुद्धातली हेही खरं. खोटं होतं ते कुतचं. कुत म्हणजे आजच्या इराकमधलं गाव, तिथे तुर्कांनी घातलेला वेढा डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, आत सहावी पूना डिव्हिजन, तिच्यात १०३, ११० आणि ११७ मराठा पलटणी, उपासमारीने शेवटी शरण जावं लागलं आणि जाण्याआधी आपल्याच तोफा फोडल्या. तिथली रायफल परत इकडच्या कोतमध्ये कशी येणार? तरी बट बघितला, कारण त्या काळात बटच्या उजव्या बाजूला पितळेची गोल चकती असायची, तिच्यावर पलटणीचा ठसा मिळू शकतो. इथे बटच नंतर बदललेला, चकती नाही, चकतीचं भोकही नाही. म्हणजे पुरावा शून्य.

मॅडम जरा नाराज झाल्या, म्हणाल्या लोक कुतचं कार्ड वाचायला थांबतात हो. मी म्हटलं मग कुतचं वेगळं पॅनल करा की, त्या तिन्ही पलटणींची माहिती लावा, माणसं खरी होती, त्यांना या रायफलीचा आधार लागत नाही. पण ठोकळा काढून मॅगझिन बसवलंत तर तुम्ही स्वतःच्या हाताने एक खोटी रायफल तयार कराल, आत्ता आहे ती खरी आहे. आणि आतली नळी तर .४१० चीच राहणार, म्हणजे ती ना महायुद्धातली राहील ना पोलिसांची. हे मी जरा आवाज चढवूनच बोललो, कारण असं "दुरुस्त" करून नासवलेली हत्यारं मी बघितली आहेत, सॅंडपेपरने घासून ठसेच गेलेली, आणि ठसे गेले की मग कुणीच काही सांगू शकत नाही.

त्यांनी ऐकलं. मॅगझिन ज्या रायफलचं होतं तिला परत लावलं, मऊ फडक्याने हलकं तेल फिरवलं, बाकी कशाला हात नाही. प्रत्येक ठशाचा तिरक्या उजेडात फोटो काढून रजिस्टरला जोडला. नवीन कार्ड दोघांनी बसून लिहिलं: बर्मिंगहॅम १९१५, मार्क तीन, नंतर ईशापूरला .४१० मध्ये बदल, नंतर संस्थानी पोलीस. पेटीत ठेवताना मी ती उजवी बाजू समोर करून ठेवायला लावली आणि आत एक छोटा दिवा आडवा बसवायला सांगितला, म्हणजे येणाऱ्या पोरांना १९१५ स्वतः वाचता येईल.