खडकामागचं पाणी

मे महिना. सकाळी सव्वासहाला फोन वाजला. मालकांचा होता.

"अरे, मासे वर येऊन तोंड मारायलेत. वास पण सुटलाय. लवकर ये की."

"रात्री लाईट गेली होती का?"

"एकला गेली, पाचला आली. पण लाईट नव्हती तोवर बरे होते रे. आल्यावरच बिघडलंय."

शेवटचं वाक्य ऐकलं आणि माझी झोप उडाली. लाईट गेल्यावर मासे गुदमरतात, हे नेहमीचं. लाईट आल्यावर गुदमरायला लागले, तर एकाच वस्तूवर संशय जातो. मी म्हणालो, "टाकीखालच्या कपाटातला तो गोल काळा फिल्टर आधी बंद करा. प्लगच काढा. दोन्ही पाइपांच्या चाव्या आडव्या करा. वेव्हमेकर, तो आतलं पाणी फिरवणारा पंप, चालू राहू द्या, फक्त त्याचं तोंड वर फिरवा. पाण्याचा वरचा थर खळबळला पाहिजे. मी निघालोच."

मी सोलापुरात मत्स्यटाक्या बसवतो आणि सांभाळतो. बारा वर्षं झाली. बहुतेक टाक्या गोड्या पाण्याच्या. खाऱ्या पाण्याच्या, प्रवाळांच्या टाक्या बोटावर मोजण्याइतक्या, आणि जीव सगळा त्यांच्यातच अडकलेला. इथं नळाला रोज पाणी येत नाही, मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो, आणि समुद्र घाटाखाली राहिला. त्यामुळे या टाक्यांतला एकेक लिटर समुद्र आम्ही घरी तयार करतो. आरओचं पाणी क्षार धरून ठेवणाऱ्या रेझिनमधून पुन्हा काढायचं, टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, शून्य आला की लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम या हिशेबानं समुद्री मीठ घालायचं, रात्रभर पंपानं ढवळायचं आणि मग घनता १.०२५ भरते का ते बघायचं. असं तयार पाणी मी दुकानात नेहमी दोन जार भरून ठेवतो, २०-२० लिटरचे. त्या दिवशी ते दोन्ही जार, एअरपंप, कोळशाची पिशवी आणि टेस्ट किट घेऊन मी निघालो.

मालकांचं घर कन्ना चौकापासून जवळ. खाली टॉवेलचे आठ माग, वर राहायला. दिवाणखान्यात दोन फूट लांबीची टाकी, आत जेमतेम शंभर लिटर पाणी. नातीसाठी घेतलेली, पण तिच्यासमोर बसून चहा पिणारे मालकच. दारातच अक्का म्हणाल्या, "पोरीला अजून उठवलं नाही."

दोन क्लाउनफिश पृष्ठभागाला तोंड लावून धापा टाकत होते. तळाशी राहणारा गोबी मासा वाळूवर आडवा, कल्ले भराभर हलताहेत. माशांच्या अंगावरचे परजीवी टिपणारं लाल-पांढरं कोळंबं खडकाच्या पायथ्याशी उलटं पडलं होतं, मेलेलं. लेदर कोरल या मऊ प्रवाळानं सगळे तंतू आत ओढून घेतले होते आणि तो चिंबलेल्या चामड्यासारखा दिसत होता. पाण्याचं तापमान ३१.५. अमोनिया ०.५ पीपीएम, जिथं तो शून्यच असायला हवा. खाऱ्या पाण्याचा पीएच आठच्या वर असतो, आणि पीएच व उष्णता जितकी जास्त तितका अमोनियाचा विषारी हिस्सा मोठा. म्हणून गोड्या पाण्यात जो आकडा एखादा मासा सोसून नेईल, तो इथं जिवावर बेततो.

कपाटातला फिल्टर बाहेर काढून गॅलरीत नेला. झाकणाच्या कड्या उघडल्या तसा सडक्या अंड्यांचा वास एकदम अंगावर आला. आतलं पाणी काळपट, स्पंजवर बोटभर गाळ, सिरॅमिकच्या रिंगांवर काळा थर.

मालक बाजूला उभे होते. त्यांना सांगितलं ते इथंही सांगतो, कारण हे प्रत्येक टाकीवाल्याला माहीत हवं. त्या बंद डब्यात राहणारे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि त्यांना श्वासाला ऑक्सिजन लागतो. पंप चालू असेतो पाण्याबरोबर तो पोचत राहतो. पंप थांबला की डब्यातल्या पाण्यात आहे तेवढ्यावरच भागवायचं. गाळ भरपूर असेल तर काही तासांत तो संपतो. मग या जिवाणूंचं काम थांबतं आणि बिनऑक्सिजनचे दुसरे जिवाणू सडवायला घेतात. चार तासांनी लाईट येते, पंप आपोआप सुरू होतो आणि डब्यातलं सगळं विष एका झटक्यात टाकीत ओतलं जातं. नेमकं तेच झालं होतं. फिल्टर दर पंधरा दिवसांनी धुवायचा असतो. लग्नसराईमुळे दोन महिने तो उघडला नव्हता. बोलावणं आलं नाही हे खरं, पण मीही स्वतःहून आलो नव्हतो.

आधी हवा. एअरपंप लावला, वेव्हमेकरचं तोंड आणखी वर केलं. पाण्यात ऑक्सिजन शिरतो तो पृष्ठभागातूनच. २५ अंशांना गोड्या पाण्यात लिटरला आठ मिलिग्रॅमच्या वर ऑक्सिजन मावतो, समुद्राच्या पाण्यात पावणेसातच्या आसपास, आणि ३१ अंशांना तोही सहावर येतो. म्हणजे आमच्याकडच्या मे महिन्यात या माशांचं ताट मुळातच अर्धवट वाढलेलं असतं. अक्कांनी फ्रीजरमधून बर्फाच्या दोन बाटल्या काढून दिल्या. त्या एकदम बुडवल्या नाहीत. तासाला एखाद्या अंशापेक्षा जास्त उतरू नये म्हणून एकेक बाटली तरंगत ठेवत गेलो. कोळशाची पिशवी वेव्हमेकरसमोर टांगली आणि पाणी बदलायला घेतलं.

सायफनची नळी खडकाच्या मागे घातली, आणि खरी गोष्ट तिथं समोर आली.

मागच्या उजव्या कोपऱ्यात, खडक आणि काच यांच्या मधे, गाळाची गादी साचली होती. माशांची विष्ठा, उरलेलं खाणं, वाळूची बारीक भुकटी. वर सायनो नावाच्या जिवाणूंचा लाल शेवाळी पापुद्रा, नळी लागताच कातड्यासारखा सोलून येणारा. समोरून यातलं काहीच दिसत नव्हतं. समोरून टाकी देखणी होती. लेदर कोरलची मागची बाजू मात्र त्या कोपऱ्याकडे होती, आणि तिथं मेणासारखी साल चिकटून बसली होती. लेदर अधूनमधून अशी साल टाकतो. ती प्रवाहानं वाहून जावी लागते, नाहीतर तिच्याखाली कूज धरते. इथं ती धरली होती.

हा खडक दीड वर्षापूर्वी मीच रचला होता. कृत्रिम खडकाचे तुकडे मागच्या काचेला टेकवून एक सलग भिंत केली होती, दिसायला छान म्हणून. त्यावर तासाला ४००० लिटरचा वेव्हमेकर बसवला आणि मालकांना सांगितलं, की मऊ प्रवाळांना तासाला टाकीच्या वीस-तीस पट पाणी फिरलं तरी पुरतं, आपण चाळीस पट देतोय. आकडा खरा होता. पण ते सगळं पाणी समोरच्या काचेवर आदळून पुन्हा पंपाकडेच वळत होतं. भिंतीमागं काहीच जात नव्हतं. अशा टाकीत बरंचसं गाळणं खडकावरचे जिवाणू करतात. पाणी जिथं पोचतं तिथलाच खडक कामाला लागतो, बाकीचा नुसता घाण धरून बसतो. त्यामुळे सगळा भार काळ्या डब्यावर पडत होता, आणि तो डबा रात्री बंद पडला होता.

मी मालकांना हे सरळ सांगितलं. ते बराच वेळ कोपऱ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मागाखाली कापूस कुठं साचतो ठाऊक आहे? पंख्याखाली नाही साचत. भिंतीच्या कोपऱ्यात साचतो. पंखा केवढा पण लाव, कोपऱ्यात वारं फिरत नसेल तर तिथं साचणारच. आग पण तिथंच लागते."

"हो. पण मागाखालचं वारं फिरतंय की नाही ते कळतं. पाणी कुठं फिरतंय ते दिसत नाही ना मालक."

"दिसत नाही म्हणजे? सूत लाव की."

ते खाली गेले आणि एक कांडी घेऊन आले. बाण्याचं पांढरं सूत. "ताण्याचं नाही आणलं. त्याला खळ असते, पाण्यात उतरंल. याला ना खळ, ना रंग." प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीला त्यांनी दोन-दोन बोटांवर सहा धागे बांधले, प्रत्येक तीन इंचांचा. पन्नास वर्षं तुटलेलं सूत जोडत आलेली बोटं, गाठ कधी बसली ते मला दिसलंसुद्धा नाही.

पट्टी टाकीत उतरवली. समोर, वेव्हमेकरच्या रेषेत, सहाही धागे आडवे ताठ. लेदरच्या वरून नेली तर लहरायला लागले, कधी इकडे कधी तिकडे. प्रवाळाला हवं असतं ते असंच. एकाच दिशेची सरळ धार मांस सोलते, फिरता प्रवाह खाणं आणतो आणि घाण नेतो. मग पट्टी भिंतीमागं सरकवली. वरचा एक धागा किंचित हलला. खालचे पाचही सरळ खाली लोंबले, वारं पडल्यावर झेंडा लोंबतो तसे. बारा वर्षं मी पंपांच्या खोक्यांवरचे आकडे वाचत आलोय. पाणी असं डोळ्यांनी बघितलं ते त्या सकाळी.

त्या दिवशी खडक हलवला नाही. हात फार शिवशिवत होते, पण सगळा गाळ एकदम उठला असता तर राहिलेला ऑक्सिजनही गेला असता. हळूहळू, नळीनं खेचत, ३५ लिटर पाणी काढलं आणि त्याबरोबर कोपऱ्यातला गाळ जमेल तेवढा बाहेर आणला. दुपारी बारापर्यंत तापमान २८ वर आलं. क्लाउनफिश खाली उतरले. गोबी सावरला. नात उठून आली तेव्हा मालकांनीच तिला कोळंब्याचं सांगितलं. ती रडली नाही. सुताची पट्टी हातात घेऊन बघत राहिली.

आठवड्यानं, अमोनिया तीन दिवस शून्य आल्यावर, मी टाकी नव्यानं लावली. भिंत मोडून खडकाची दोन बेटं केली, मागच्या काचेपासून चार बोटं सुटी. एका मोठ्या वेव्हमेकरऐवजी दोन लहान, समोरासमोरच्या टोकांना, आळीपाळीनं चालणारे. काळा डबा काढून टाकला. त्या जागी जुन्या टाकीचा उघडा सम्प, म्हणजे पाणी गाळायची खालची टाकी, केला. पाणी वरून पडतं, गाळणीच्या पिशवीतून जातं, मग स्किमर, म्हणजे बुडबुड्यांनी घाण काढणारं यंत्र. खाऱ्या पाण्यात बुडबुडे बारीक आणि दाट होतात, त्यांना चिकटून घाण फेसाबरोबर वरच्या कपात चढते, म्हणजे सडण्याआधीच पाण्याबाहेर जाते. पिशवी दर तीन दिवसांनी धुवायची, ते अक्कांनी स्वतःकडे घेतलं.

वर पाणी चढवणाऱ्या पंपावर तासाला १२०० लिटर लिहिलंय. यावेळी खोक्यावर विसंबलो नाही. दहा लिटरची बादली लावून घड्याळ बघितलं. ५५ सेकंदांत भरली, म्हणजे तासाला साडेसहाशे. चार फूट चढ चढताना पंपाचं बळ असं निम्म्यावर येतं. आम्हाला तेवढंच पुरे होतं. परतीच्या पाइपला पाण्याच्या पातळीखाली लगेच एक बारीक भोक पाडलं, नाहीतर लाईट गेली की पाइप उलटा सायफन होऊन टाकी सम्पमधे आणि सम्प दिवाणखान्यात आला असता. मेन स्विच पाच वेळा बंद करून बघितला. पाचही वेळा पाणी सम्पच्या काठाखाली तीन बोटं थांबलं. एक वेव्हमेकर आणि एअरपंप इन्व्हर्टरवर घेतले.

खडक लावताना मालक पट्टी धरून उभे होते. एखादा धागा लोंबला की "इथं नाही", म्हणायचे. दोन तास गेले त्यात. मध्येच त्यांनी मोबाइलवर दगडी प्रवाळांचे फोटो दाखवून "हे बसव की", असं विचारलं. मी नाही म्हणालो. वन्यजीव संरक्षण कायद्यानं दगडी प्रवाळांना पहिल्या अनुसूचीत घातलंय, आणि ते बरोबरच आहे. आपल्या दिवाणखान्यासाठी कुणी समुद्रातले खडक फोडू नयेत. त्यांना ते लगेच पटलं.

अकराव्या दिवशी सकाळी पुन्हा सव्वासहाला फोन. माझा हात आधी गाडीच्या किल्लीकडे गेला.

"अरे, घाबरू नको. लाईट आहे. लेदरची ती साल सुटायलीय बघ. मागनं एक टोक सुटलंय, पाण्यात हलायलंय धाग्यासारखं. हात लावू का?"

"नका लावू मालक. पाण्यालाच नेऊ द्या."

"मग बसतो बघत," ते म्हणाले, आणि फोन तसाच चालू ठेवून अक्कांना चहा सांगितला.