रात्री बाराच्या आत

30 ऑगस्ट 2024, शुक्रवार. दुपारचे चार वाजून गेले होते. मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या माझ्या छोट्या ऑफिसात मी टेबल आवरायला घेतलं होतं, तेवढ्यात ती दोघं दारात येऊन उभी राहिली. तिचा स्टुडंट व्हिसा त्याच रात्री बारा वाजता संपत होता.

व्हिसाच्या अर्जांचं काम मी बरीच वर्षं करते आहे, पण शेवटच्या दिवशी कुणी आलं की अजूनही पोटात गोळा येतो. (दोघांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

ती जूनमध्ये एकदा येऊन गेली होती. मास्टर्स झालं की ग्रॅज्युएट व्हिसा, म्हणजे शिक्षणानंतर काही काळ इथे राहून काम करू देणारा व्हिसा घ्यायचा, असा तिचा सरळ बेत होता. पण 1 जुलैपासून त्या व्हिसाची वयोमर्यादा 50 वरून 35 वर आली आणि ती होती 36 वर्षांची. त्यानंतर तिने माझ्या मेसेजना उत्तर देणं बंद केलं. मला वाटलं, तिकीट काढून परत गेली असेल.

"ताई, आम्ही एकत्र राहतो. चौदा महिने झाले," ती खाली बघत म्हणाली. तो इथला नागरिक, मूळचा नागपूरचा, ट्राम चालवतो. लग्न करू म्हणून चौकशी केली तर कळलं, इथे लग्नाची नोटीस किमान महिनाभर आधी द्यावी लागते. तेवढे दिवस उरले नव्हते. त्यात कुणीतरी सांगून ठेवलं होतं की लग्नाचा दाखला नसेल तर पार्टनर व्हिसा, म्हणजे जोडीदाराच्या नात्यावर मिळणारा व्हिसा, विसरा.

अशा ऐकीव सल्ल्याने किती जणांचं नुकसान झालेलं पाहिलंय मी! ऑस्ट्रेलियात बारा महिने जोडीदार म्हणून एकत्र राहिलेल्यांनाही अर्ज करता येतो. पार्टनर व्हिसाचे 820 आणि 801 असे दोन टप्पे, तात्पुरता आणि कायमचा, दोन्हींचा अर्ज एकदमच होतो. चालू व्हिसा हातात असताना अर्ज गेला की ब्रिजिंग व्हिसा मिळतो आणि निर्णय लागेपर्यंत इथे राहता येतं, कामही करता येतं. मुदत उलटून गेल्यावर अर्ज केला, तर त्यासाठी सबळ आणि निकडीची कारणं पटवून द्यावी लागतात, आणि तिथेच पुष्कळ अर्ज अडकतात. म्हणजे सगळा खेळ आता बाराच्या आतला होता.

आधी मी त्याला कोपऱ्यावर चहा आणायला पाठवलं. हे मी प्रत्येक वेळी करते. ज्याच्या नात्यावर व्हिसा, त्याच्या हातात दोरी, असं वाटून घाबरून राहणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. कायद्यात त्यावर तोड आहे: घरात हिंसा झाली आणि नातं तुटलं, तरी अर्ज पुढे चालू शकतो. ते तिला नीट सांगितलं. मग विचारलं, "व्हिसासाठी करतेयस का हे?"

ती बराच वेळ गप्प राहिली. "तसं असतं तर जुलैतच आले असते ना तुमच्याकडे. त्याला विचारायचंच धाडस होत नव्हतं. त्याला वाटलं असतं, व्हिसासाठीच बोलतेय."

पुरावे नंतरही जोडता येतात. त्या रात्री अर्ज आणि फी जाणं महत्त्वाचं होतं. तरी हाताशी काय आहे ते बघायलाच हवं. पैशांचे व्यवहार, घर, लोकांतला वावर, एकमेकांशी बांधिलकी, अशा चार अंगांनी नातं तपासतात. घरभाडं त्याच्या नावावर. जॉइंट खातं नाही. दोघांचा एकत्र फोटो जवळजवळ नाहीच. कारण इचलकरंजीला तिच्या आईला यातलं काही माहीत नव्हतं. पाच वर्षांपूर्वी तिचा घटस्फोट झाला, तेव्हा आई अंथरूण धरून बसली होती. पुन्हा तिला धक्का नको म्हणून ही चौदा महिने व्हिडिओ कॉल करताना भिंतीकडे पाठ करून बसायची, त्याचे बूट दिसू नयेत म्हणून. घरच्यांपासून जे जिवापाड लपवलं, तेच आता सरकारपुढे कागदावर मांडायचं होतं.

मग तिने बँकेचं ॲप उघडलं. दर आठवड्याला त्याच्या खात्यात पाठवलेले पैसे, 38 डॉलर, 52 डॉलर, आणि पुढे शेऱ्यात तिने लिहिलेलं: दूध कोथिंबीर. गॅस बिल. तुझं औषध. दिवाळी पणत्या. पहिली नोंद जुलै 2023ची. मी स्क्रीन खाली सरकवत राहिले आणि माझे डोळे भरून आले. लग्नाचे अल्बम पुष्कळ येतात माझ्याकडे. संसाराचा इतका खरा कागद क्वचित येतो.

साडेनऊपर्यंत फॉर्म भरून झाला. फी 9,095 डॉलर. कार्ड चाललं नाही. रोजच्या खर्चाची मर्यादा आड आली. बँकेच्या फोनवर पंचवीस मिनिटं संगीत ऐकत तो फेऱ्या मारत होता आणि ती दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती. 10 वाजून 52 मिनिटांनी पैसे गेले. थोड्या वेळाने ब्रिजिंग व्हिसाचं पत्र आलं. तो खुर्चीत बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला.

तिने आईला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे साडेसहा-पावणेसात, दिवेलागणीची वेळ. या वेळी ती भिंतीकडे पाठ करून बसली नाही. त्याला शेजारी बसवलं. आई सगळं ऐकून घेत होती, मध्ये एक शब्द नाही. शेवटी म्हणाली, "गौरीला ये दोघं. समोर बसून बोलू."

तिने माझ्याकडे पाहिलं. मला मान हलवून नाही म्हणावं लागलं. या ब्रिजिंग व्हिसावर देश सोडला तर परत येता येत नाही. त्यासाठी आधी दुसरा, बी वर्गाचा, घ्यावा लागतो, आणि गौरी अकरा दिवसांवर आल्या होत्या.

"आई, दिवाळीला येतो," ती म्हणाली. मी कॅलेंडर पुढे ओढलं आणि तारखा विचारल्या.