कुणाकडून आला, ते लिहून द्या

कोल्हापुरातल्या ज्या छोट्या संस्थेत मी काम करते, ती ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही, आणि त्याच्यामुळे होणारे कर्करोग यांविषयी गावोगावी जाऊन सांगते. गावातल्या सभेची वेळ साधणे हे या कामातले अर्धे कौशल्य आहे. सकाळचे दूध डेअरीत घालून झाल्यापासून भांगलणीला निघेपर्यंत बायकांच्या हाती जेमतेम तासभर असतो. त्या तासात आजार समजावणे, शंका ऐकणे, संमतीचा कागद वाचून दाखवणे आणि तपासणी उरकणे हे सगळे बसवावे लागते. त्याआधी घरोघर फिरून बायकांना बोलावून आणण्याचे काम आशाताई करतात. आमच्या वार्षिक अहवालात जे आकडे आमच्या नावावर छापले जातात ते खरे तर त्यांचे असतात.

पूर्वी आम्ही व्हीआयए तपासणीची शिबिरे घेत असू. गर्भाशयमुखाला पातळ ॲसिटिक ॲसिड लावून मिनिटभर थांबायचे आणि पांढरा डाग उमटतो का ते पाहायचे, अशी ती तपासणी. ती स्वस्त आहे आणि तिचे उत्तर जागेवर मिळते. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयाने प्रशिक्षित सेविकांकरवी ती वर्षानुवर्षे केली, तेव्हा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे ३१ टक्क्यांनी घटले. परंतु तिला टेबल, उजेड आणि आडोसा लागतो, आणि पाळी गेलेल्या बाईत पाहायचा भाग आत सरकलेला असल्याने ती फसू शकते. आता आम्ही एचपीव्हीच्या डीएनएची तपासणी करतो. तिचा नमुना बाई स्वतःच घेते: उपकेंद्राच्या खोलीला आतून कडी लावायची, मऊ ब्रश आत सरकवून फिरवायचा, नळीत घालून झाकण लावायचे. ब्रश कसा धरायचा हे शिकवण्याची आमची एक पद्धत आहे, आणि तिचा मला अभिमान आहे. डाव्या हाताची मूठ सैल धरून तिच्यात ब्रश खुणेपर्यंत घालायला लावायचे, म्हणजे किती आत जायचे याची भीती चारचौघींत हसतहसतच जाते. टेबलाचे नाव काढताच पदर सावरून उठणाऱ्या बायका ब्रश घेऊन बिनधास्त आत जाताना मी पाहिल्या आहेत.

या तपासणीचा एक मोठा पुरावा आपल्याच राज्यातला आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १ लाख ३१ हजारांहून अधिक बायकांचा अभ्यास झाला आणि तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आल्याचे त्यात दिसले. बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयातल्या लोकांनी त्यासाठी गावे पालथी घातली होती. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, या कर्करोगासाठी कधीतरी तपासणी झालेल्या ३० ते ४९ वयाच्या बायका देशभरात फक्त १.९ टक्के निघाल्या. याचा दोष बायकांच्या अज्ञानावर ढकलणारी भाषणे मी पुष्कळ ऐकली आहेत, आणि ती देणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी गावातल्या उपकेंद्राचे दार किती दिवस उघडे असते हे पाहिलेले असते.

आमच्या भाषणात मात्र एक जागा ठरवून रिकामी ठेवलेली असे. हा विषाणू शरीरसंबंधातून, जननेंद्रियांच्या त्वचेच्या स्पर्शातून पसरतो, हे आम्ही सांगत नसू. कोणी विचारलेच तर उत्तर देऊन पटकन पुढे सरकत असू. आमच्या ज्येष्ठ सहकारी ताईंचा त्यामागचा अनुभव खरा आहे. गडहिंग्लजकडच्या एका गावात त्यांनी हे स्पष्ट सांगितले होते, आणि ज्यांचे नवरे मुंबई-पुण्याला कामाला आहेत त्या बायका एकेक करून उठून गेल्या. तिथे बसून राहणे म्हणजे नवऱ्यावर संशय असल्याचे कबूल करणे, असे झाले होते. आधी तपासणी होऊ द्या, कारण नंतर सांगता येईल, हे ताईंचे म्हणणे. जे नंतर सांगायचे ते आपल्याऐवजी दुसरे कोणीतरी सांगते, हे माझे. संस्थेत ताईंचे चालते, आणि शिबिरे भरत होती.

गेल्या गळीत हंगामात भोगावतीच्या काठच्या एका गावातल्या नमुन्यांचे निकाल आले. निकाल फक्त आमच्याकडे पाठवावेत, आम्ही ते बाईला समक्ष सांगू, असे प्रयोगशाळेला लेखी कळवलेले होते. तरीही त्यांच्या संगणकाने अर्जावरच्या मोबाईलवर इंग्रजी संदेश धाडले. विचारल्यावर ‘सिस्टीमच तशी आहे, मॅडम’ हे उत्तर आले, जणू ती सिस्टीम पावसाप्रमाणे वरून पडली होती. अर्जावर बाईने घरातला नंबर दिला होता. घरातला नंबर म्हणजे नवऱ्याचा.

तो दुपारी राजारामपुरीतल्या आमच्या कार्यालयात आला. कारखान्याच्या रांगेत उसाचा ट्रक क्लिनरच्या हवाली करून आला होता. हंगाम संपला की तो गूळ घेऊन गुजरातच्या फेऱ्या करतो, हे नंतर कळले. बरोबर भावकीतला एक वडीलधारा चुलत भाऊ होता आणि बोलत होता तोच अधिक. नवऱ्याने फोन माझ्यापुढे ठेवला आणि एवढेच विचारले, “ताई, ह्यो पॉझिटिव्ह एड्सचाच नव्हं?” ट्रक थांबतात तिथे एचआयव्हीची माहिती देणारे लोक येतात, रक्त तपासतात, आणि तिथे पॉझिटिव्ह म्हणजे काय हे त्याला चांगले ठाऊक होते. आम्ही शिबिरात ठेवलेली रिकामी जागा त्याने स्वतःजवळच्या माहितीने भरून काढली होती, आणि ती माहिती त्याला दुसऱ्या एका जागृती कार्यक्रमानेच दिलेली होती.

मी म्हटले, अहवाल तुमच्या पत्नीचा आहे, त्यांच्या परवानगीशिवाय मला त्यावर बोलता येणार नाही. चुलत भावाला हे मुळीच आवडले नाही. नवऱ्याने मात्र घरी फोन लावून दिला. पलीकडून ती म्हणाली, “त्यास्नी सांगा सगळं. काय लपवू नगासा.”

मग मी सांगितले. एचपीव्ही आणि एचआयव्ही हे दोन वेगळे विषाणू आहेत. शरीरसंबंध असलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधीतरी एचपीव्हीचा संसर्ग होतो, आणि बहुतेकांचे शरीर तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप परतवते. काहींच्या शरीरात तो कोणत्याही लक्षणाशिवाय वर्षानुवर्षे राहतो. साध्या संसर्गापासून कर्करोग व्हायला सहसा पंधरा-वीस वर्षे लागतात आणि तेवढ्यात तो गाठता यावा म्हणूनच ही तपासणी असते. अहवालात १६ आणि १८ हे सर्वांत घातक प्रकार नव्हते, ‘इतर उच्च जोखमीचे प्रकार’ या रकान्यात होकार होता, म्हणजे पुढची पायरी व्हीआयए. हा विषाणू केव्हा आला आणि कोणाकडून आला, हे या तपासणीवरून कोणालाही सांगता येत नाही. पुरुषांसाठी अशी नेहमीची तपासणीच नाही.

“म्हंजी माझ्याकडनंबी आला असंल,” तो म्हणाला. त्या वाक्याला प्रश्नाचा सूर नव्हता. मी म्हणाले, असेल, नसेल, लग्नाआधीचाही असू शकेल, दोघांपैकी कोणाचाही. पलीकडच्या टेबलावरच्या आमच्या एका कार्यकर्त्याने अर्जावरचा ‘व्यवसाय: ड्रायव्हर’ हा रकाना पाहून समजल्यासारखी मान हलवली. ती मान मला अजून खुपते, कारण आदल्याच महिन्यात त्याने पूर्वग्रहांविषयीचे प्रशिक्षण घेतले होते.

चुलत भावाचे समाधान झाले नव्हते. “ह्ये तोंडी झालं. कुणाकडनं आला, कवा आला, ते लिहून द्या. उद्या भावकीत इचारल्यावर काय दावायचं?”

डॉक्टर मॅडम, ताई आणि मी असे तिघी पत्राला बसलो. चार वाक्यांच्या त्या पत्राला तासाहून अधिक वेळ लागला. हा एचआयव्ही नव्हे. हा संसर्ग अत्यंत सामान्य आहे. तो अनेक वर्षे लक्षणांविना राहू शकत असल्याने केव्हा व कोणाकडून झाला हे ठरवता येत नाही. इथपर्यंत वाद नव्हता. चौथे वाक्य मी लिहिले होते: ‘यावरून पत्नीच्या किंवा पतीच्या वर्तनाविषयी कोणताही निष्कर्ष काढता येत नाही.’ ताईंना ‘किंवा पतीच्या’ नको होते. ते वाचून आपल्यावरच बोट दाखवले असे त्याला वाटेल, हे त्यांचे कारण. ते शब्द काढले तर पत्रात चौकशी एकट्या बाईचीच झाल्यासारखी दिसते, हे माझे. मॅडमनी चष्मा काढून सांगितले की दोन्ही नावे राहिली तरच त्या सही करतील, नाहीतर करणार नाहीत. पत्रावर नाव मात्र तिचेच घातले, कारण अहवाल तिचा होता, आणि ते तिच्याच हातात द्यायचे ठरले.

संध्याकाळी आशाताईंना घेऊन मी गावात पोहोचले, तेव्हा ती म्हशींची धार काढून डेअरीवरून परतली होती. घरात तिचे ताट-वाटी वेगळी ठेवलेली होती. कोरोनात सासूबाईंनी पॉझिटिव्हचे जे नियम पाळले होते तेच त्यांनी आता लावले होते, त्यात दुष्टपणा नव्हता. हा विषाणू ताट-वाटीने, एकत्र जेवण्याने पसरत नाही हे त्यांना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि ताट जिथे होते तिथेच राहिले.

ती दहावी झालेली आहे. पत्र तिने दोनदा वाचले आणि परत माझ्या हातात दिले.

“कागद नगं, ताई. ह्यो घरात आला म्हंजी मी कायतरी केलतं आणि मला सोडवायला कागद आणाय लागला, असं हुतंय. दुसऱ्या कुठल्या बाईला असला कागद लागतो व्हय? तुमी त्या दिशी उपकेंद्रात सगळ्यांच्या म्होरं ह्ये सांगितलं असतं तर मलाबी लागला नसता.”

मी गप्प राहिले, कारण ती माझेच मत माझ्यापेक्षा नेमके मांडत होती, आणि त्याचा आनंद मानण्याची ती वेळ नव्हती. आशाताई म्हणाल्या, आता तरी सांगू की बायकांना. त्यावर ती म्हणाली, “बायकास्नी न्हवं. बाप्यास्नी सांगा. डेअरीच्या हॉलमदी, बिलाच्या दिशी.” दर दहा दिवसांनी दुधाचे बिल निघते. म्हशींचे शेण-पाणी आणि धारा बायका काढतात. बिल घ्यायला हॉलमध्ये पुरुष जमतात.

उपचाराची गोष्ट थोडक्यात संपते. व्हीआयएत छोटा पांढरा डाग दिसला. तो थर्मल ॲब्लेशनने, म्हणजे शंभर अंशांच्या आसपास तापलेले टोक अर्ध्या मिनिटाच्या आत-बाहेर टेकवून, त्याच बैठकीत जाळला. भूल लागली नाही आणि ती चालत बाहेर आली. वर्षाने पुन्हा तपासणी आहे. नवरा बाहेरच्या बाकावर बसून होता आणि त्याच्याजवळ सातवीतल्या मुलीच्या लसीबद्दल प्रश्नांची यादीच होती. मी सांगितले की पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही लस २०२३ पासून मिळते, ९ ते १४ वयात सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस असतात, आणि एक डोसही पुरेसा ठरू शकतो असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये म्हटले आहे. त्याने विचारले, “आणि पोराला?” मुलांनाही देता येते, घशाचे, गुदद्वाराचे आणि पुरुषांच्या जननेंद्रियाचे काही कर्करोगही याच विषाणूने होतात, असे मी सांगितले. बोलता बोलता हातातल्या आमच्या पत्रकाकडे लक्ष गेले. त्यावर दोन वेण्या घातलेली एकटी मुलगी आहे, आणि तिच्या शेजारी कोणीही मुलगा नाही.

कार्यालयात त्यानंतर जी बैठक झाली, तिच्यात अर्जावर ‘हा नंबर कोणाचा?’ आणि ‘या नंबरवर निकाल सांगावा का?’ असे दोन रकाने वाढवण्याबाबत एकमत झाले, आणि प्रयोगशाळा बदलण्याबाबतही. भाषणातल्या त्या जागेबद्दल झाले नाही. ताई म्हणतात, एका घरात बोभाटा झाला म्हणून सगळ्या गावांतली शिबिरे धोक्यात घालणार का. त्या दिवशी तिथे कारण सांगितले असते तर हीच बाई कदाचित उठून गेली असती आणि तिचा डाग आपल्याला कधीच दिसला नसता. याला माझ्याकडे उत्तर नाही. पण बाईसमोर एकदा सांगायचे टाळले की ते नंतर तिच्या एकटीच्या घरात, तिच्या एकटीच्या नावाने सांगावे लागते, हे मी माझ्या हाताने लिहिलेल्या पत्रावरून शिकले आहे, आणि ते पत्र कोणी न घेतल्याने फाईलमध्ये पडून आहे.

डेअरीचे चेअरमन हॉल द्यायला तयार आहेत. कॅन्सरवर हवे तेवढे बोला, प्रोजेक्टरही आमचा वापरा, फक्त ते कशामुळे पसरते तेवढे सोडा, अशी त्यांची अट आहे. ताईंच्या मते अट मान्य करून आधी पाय ठेवावा. माझ्या मते या अटीवर त्या हॉलमध्ये जाण्यासारखे काही उरत नाही. पुढच्या बिलाच्या आधी काय ते कळवा, असा त्यांचा निरोप आशाताईंकडून आला आहे.