आउटपुट पॅरामीटर सगळ्यात शेवटी येतो

पानावर वीस ओळी व्यवस्थित दिसतायत आणि खाली लिहिलंय ‘एकूण नोंदी: ०’. या ओळी देणारा स्टोअर्ड प्रोसीजर (डेटाबेसमध्येच साठवलेला एसक्यूएल कोड) थेट एसक्यूएल सर्व्हरच्या मॅनेजमेंट स्टुडिओत चालवला की आकडा बरोबर येतो. टीममधल्या एका मुलाने त्यापायी अख्खी दुपार प्रोसीजर उलटसुलट करून पाहिला. मी कोड बघितला तेव्हा एसक्यूएलला हात लावायची गरजच नव्हती. गडबड सी-शार्पमध्ये होती.

आधी तिथे सगळा निकाल एकदम भरून घेणारं डेटा अडॅप्टरचं फिल होतं. वेग वाढावा म्हणून त्याने ते काढून एकेक ओळ वाचू देणारं एक्झिक्यूटरीडर वापरलं. रीडर फिरवायचा, यादी भरायची आणि त्याच युजिंग ब्लॉकच्या आत (तो संपला की रीडर बंद होतो) टोटलकाउंट या आउटपुट पॅरामीटरची, म्हणजे प्रोसीजर ओळींव्यतिरिक्त परत देतो त्या किमतीची, व्हॅल्यू वाचायची, असा क्रम. वाचायला अगदी सरळ वाटतो. पण त्या क्षणी ती व्हॅल्यू आलेलीच नसते.

एसक्यूएल सर्व्हर उत्तर पाठवतो ते टीडीएस या त्याच्या संवादाच्या प्रोटोकॉलने, एका ओघात. आधी कॉलमची माहिती, मग ओळी, मग त्या सिलेक्टची समाप्ती, त्यानंतर रिटर्न स्टेटस आणि आउटपुट पॅरामीटर. प्रोसीजरमध्ये तुम्ही टोटलकाउंट पहिल्याच ओळीत सेट केला असेल, तरी तो निघतो शेवटीच. सर्व्हरचाही इलाज नाही. प्रोसीजर संपेपर्यंत ती किंमत बदलू शकते, मग आधी पाठवणार काय? म्हणून रीडर बंद झाल्यावरच पॅरामीटर वाचायचा. पुढची ओळ मागणाऱ्या रीडने फॉल्स दिला म्हणजे आलं सगळं, हेही खरं नाही, कारण मागे आणखी एखादा रिझल्ट सेट शिल्लक असू शकतो. वाचायची ओळ युजिंगच्या बंद कंसाखाली न्या, काम झालं. कनेक्शन बंद झालं तरी हरकत नाही, किंमत पॅरामीटर ऑब्जेक्टमध्ये राहते. फिल सगळं शेवटपर्यंत वाचून घेतं, त्यामुळे जुना कोड निमूट चालत होता.

मग एरर का आली नाही? मला यातला हाच भाग सगळ्यात घातक वाटतो. न आलेल्या पॅरामीटरची व्हॅल्यू साधी नल असते, आणि व्हॅल्यूचा पूर्णांक करणारं कन्व्हर्टचं टूइंट३२ नल घेऊन गुपचूप शून्य परत करतं. उलट प्रोसीजरने खरोखरच नल पाठवला असेल तर हातात डीबीनल (डेटाबेसमधल्या नलसाठीचं वेगळं ऑब्जेक्ट) येतो, आणि तेच टूइंट३२ लगेच एक्सेप्शन फेकतं. म्हणजे डीबगरमध्ये नल दिसला तर ‘अजून पोचलं नाही’ आणि डीबीनल दिसला तर ‘पोचलं, पण रिकामं’. हा फरक माहीत असेल तर अर्धा शोध तिथेच संपतो. मी तर थेट इंटमध्ये कास्ट करते. फुटायचं असेल तर माझ्यासमोर फुटू दे.

आणखी एक गंमत. मोठा रिझल्ट सेट अर्ध्यात सोडून रीडर बंद केला की क्लोजला वेळ लागतो, कारण ते उरलेल्या ओळी ओढून घेतं आणि मगच पॅरामीटर भरतं. तो वेळ वाचवायला क्लोजआधी कमांडवर कॅन्सल मारता येतं, पण मग आउटपुटची आशा सोडायची.

हे दुखणं फक्त सी-शार्पचं नाही. जावाचं डेटाबेसशी बोलणारं जेडीबीसीसुद्धा सांगतं की आधी सगळे रिझल्ट संपवा, मग आउट पॅरामीटर मागा. पीएचपीच्या एसक्यूएलएसआरव्ही या ड्रायव्हरमध्ये नेक्स्ट रिझल्ट म्हणत शेवटापर्यंत जावं लागतं. डॉटनेटच्या एंटिटी फ्रेमवर्क कोअरमध्ये प्रोसीजरसाठी फ्रॉमएसक्यूएलरॉ वापरलं, तर टूलिस्टने ओळी प्रत्यक्ष वाचून होईपर्यंत पॅरामीटर रिकामाच. वरातीमागून घोडं हा इथे नियमच आहे.

बाकीच्या चुका थोडक्यात. डायरेक्शन आउटपुट लावायला विसरलात तर तो इनपुटच राहतो. मजकुराच्या एनव्हारकार पॅरामीटरला साइझ दिलाच नाही तर निदान एरर तरी येते. कमी दिला तर मजकूर मुकाट्याने कापला जातो, एनव्हारकार मॅक्ससाठी साइझ उणे एक द्यायचा. डेसिमलचं स्केल विसरलात तर दशांश गायब, पैशांच्या आकड्यात हे महागात पडतं. टी-एसक्यूएलमधून एका प्रोसीजरने दुसऱ्याला हाक मारतानाही आउटपुट हा शब्द लिहावा लागतो, नाहीतर व्हेरिएबल जसंच्या तसं राहतं आणि कोणी कुरकुरतही नाही.

‘मग काउंट स्टार ओव्हर लावून एकूण आकडा प्रत्येक ओळीतच का पाठवू नये?’ असं त्या मुलाने विचारलं. प्रश्न बरोबर आहे. पण कोणी शेवटच्या पानाच्याही पुढचं पान मागितलं की ओळ एकही येत नाही आणि ओळींसोबत आकडाही जातो. रिटर्नने पाठवावं, तर ते फक्त इंट घेतं. बिगइंटचे, म्हणजे इंटपेक्षा मोठे, ओळख क्रमांक त्यात मावत नाहीत, आणि मुळात ती जागा यश-अपयश कळवायची आहे. त्यामुळे पेजिंगच्या प्रोसीजरला मी आउटपुट पॅरामीटरच ठेवायला सांगितला. त्याने वाचायची ती एक ओळ कंसाखाली सरकवली आणि सोबत टूइंट३२ काढून साधा कास्टही टाकला.