चाळीस मिनिटांसाठी अकरा दिवस

ईएसएक्सआय म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेक आभासी कॉम्प्युटर चालवणारं व्हीएमवेअरचं सॉफ्टवेअर. ४ मार्च २०२५ ला त्यातल्या सुरक्षेच्या तीन त्रुटी जाहीर झाल्या. हल्लेखोर त्या आधीपासूनच वापरत होते. सांगलीतल्या एका पतसंस्थेचा सर्व्हर मी सांभाळतो. एकच होस्ट, म्हणजे खरं मशीन, त्यावर पाच व्हीएम, म्हणजे आभासी कॉम्प्युटर. त्रुटी बुजवणारा पॅच मारायचा म्हणजे सगळं बंद ठेवणं आलं.

पॅच दुसऱ्याच दिवशी माझ्याकडे तयार होता. अडलं ते साहेबांच्या परवानगीत. "मार्चएंड आहे, ३१ तारीख होऊ दे, मग बघू." रोज हेच. धुळवडीची सुट्टी मागितली, तर त्या दिवशी वसुलीच्या नोंदी करायला माणसं येणार होती. वर साहेब म्हणायचे, आपल्याला फायरवॉल आहे ना! या उत्तराचा मला अजून राग येतो. तीनपैकी सीव्हीई-२०२५-२२२२४ या क्रमांकाच्या त्रुटीची तीव्रता दहापैकी ९.३ आहे. एका व्हीएममध्ये अ‍ॅडमिनचे अधिकार मिळालेला माणूस या त्रुटी जोडून थेट होस्टवर उतरू शकतो, आणि होस्ट गेला की पाचही व्हीएम गेल्या. आमच्याकडे तो अ‍ॅडमिन पासवर्ड सॉफ्टवेअरवाल्यांच्या सपोर्टच्या पोरांकडे होता, २०१९ पासून तोच! फायरवॉल काय करणार तिथे?

कंपनीने पॅचशिवाय दुसरा उपाय दिलेलाच नव्हता. तरी मी तो पासवर्ड बदलला आणि सपोर्टला काम असेल तेवढ्यापुरतंच आत घ्यायला लागलो. तुम्ही हे पहिल्या दिवशीच करा, मी चौथ्या दिवशी केलं.

शेवटी शनिवारी, १५ तारखेला, कागदावर एक मोठी चौकट काढली, आत पाच लहान. साहेबांनी विचारलं, "ठेवी यातल्या कशात?" मी बोट ठेवलं. मग बाहेरच्या रेघेवरून बोट फिरवलं, "आणि ही फुटली तर सगळ्याच." ते कागदाकडे बघत राहिले. "उद्या सकाळी उरक."

रविवारी सहाला व्हीएम बंद केल्या, होस्ट मेंटेनन्स मोडमध्ये टाकला, पॅच, रीबूट. ईएसएक्सआयचा तो पिवळा-करडा पडदा परत येईपर्यंत मी खुर्चीवर बसलोच नाही. पॅच बसल्याचा बिल्ड क्रमांक २४५८५२९१ दिसला आणि जिवात जीव आला. चाळीस मिनिटांत सगळं चालू.

बॅकअपचं सांगायचं राहिलं. तो वेगळ्या डिस्कवर घ्या, एक व्हीएम परत उभी करून बघा आणि डिस्क काढून ठेवा. स्नॅपशॉट, म्हणजे व्हीएमची त्या क्षणाची जपलेली स्थिती, त्याच होस्टवर पडून असतो, त्याच्या भरवशावर राहू नका. आणि ईएसएक्सआयची सातवी आवृत्ती असेल तर तिचा सपोर्ट २ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आठवीचा प्रस्ताव मी सप्टेंबरातच दिला, सोबत तोच चौकटींचा कागद जोडून.