तुम्ही विचारलंत म्हणून: गोष्टीतली लेकरं

"तुमच्या गोष्टीतली लेकरं खरी वाटतात, कशी काय लिहिता?" हे लय जण विचारतात. खरं सांगू का, आधी मला ती जमत नव्हती.

२०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला १० वाघिणी, म्हणजे टाक्यांचे डबे, ५ लाख लिटर. त्यावर मी कथा लिहिली, त्यात सात वर्षांचा पोरगा आजीला म्हणतो, "आपण झाडं तोडली म्हणून पाऊस रुसला." मला ते वाक्य फार आवडलं होतं. बहीण झेडपीच्या शाळेत पहिलीला शिकवते, ती वाचून म्हणाली, "हे तुझं बोलणं झालं गं, लेकरू असं बोलत नसतंय."

मग मी गल्लीत टँकरच्या लाइनीत नीट बघत बसले. बायकांची नंबरावरून भांडणं चाललेली आणि एका पोराला आईनं घागरींच्या राखणीला बसवलेलं. लाइन सरकली की ते पायानं घागर पुढं ढकलायचं आणि परत तिच्यात तोंड घालून स्वतःचं नाव ओरडायचं, आत आवाज घुमायचा ना म्हणून. मधेच मला विचारलं, "रेल्वेत पाणी भरलं तर माणसं कुठं बसली?" त्याला खरंच काळजी होती, त्याचे पप्पा पुण्याहून रेल्वेनंच येणार होते.

तेव्हापासून लेकरू लिहायच्या आधी मी एवढंच बघते की ह्याला आत्ता, ह्या मिनिटाला काय पाहिजे. मोठ्यांचं दुःख त्याच्या कानावर पडतंच, पण त्याचा अर्थ ते आपल्या कामापुरता लावतं. वाचणाऱ्याला रडू यावं म्हणून त्याला गरीब बिचारं करायचं, हे तर मला अजिबात पटत नाही.

बोलण्याचं म्हणाल तर सात वर्षांच्या पोराला बोबडं बोलायला लावू नका, तोवर बहुतेक लेकरं साफ बोलतात. लहान लेकरू चुकतं ते वेगळीकडं, "केलं"च्या जागी "करलं" म्हणतं, कारण धरलं, भरलं, मग करलं, ते बिचारं नियमच पाळायलंय! असलं एखादं वाक्य पुरतं, पानभर नको.

ती कथा मी परत लिहिली, झाडांचं वाक्य काढलं. आता त्यात टँकर येतो, आई हाका मारते, आणि पोरगं घागर सोडायलाच तयार नाही, कारण पाणी भरलं की आवाज घुमत नाही.