वाढत्या अंगाचा चेलो

जुलैतला शनिवार, बाहेर धो धो पाऊस. नौपाड्यातल्या क्लासच्या जिन्यावर आधी दिसलं ते काळं कव्हर, मग ते उचलून दमलेले वडील आणि त्यांच्यामागे सात वर्षांची मुलगी. घोडबंदर रोडवरून रिक्षात चेलो, म्हणजे बसून गजानं वाजवायचं मोठ्या व्हायोलिनसारखं वाद्य, मांडीवर आडवा घेऊन आले होते.

"मॅडम, सहा महिने झाले, सूर लागत नाही. आधीच्या क्लासात म्हणाले, हिचा कान कच्चा आहे."

कान कच्चा आहे की हात अपुरा पडतोय, हे ओळखायला आधी वाद्य लागत नाही. चेलोच्या चार तारा, जाडीकडून बारकीकडे, सी, जी, डी, ए. लहान मुलांना मी डीची तार 'सा' धरून शिकवते. मोकळी तार सा, पहिलं बोट रे, तिसरं ग, चौथं म आणि शेजारची एची मोकळी तार प. तिला नुसतं गायला सांगितलं. आजीकडे पेटीवर सरगम घोटलेली होती. म अगदी जागेवर. मग वाजवायला सांगितलं. रे बरा, ग जरा उतरलेला, आणि म म्हणून जे वाजलं ते ग आणि म यांच्या मधेच कुठेतरी. म गाठायला ती अख्खा हात खाली सरकवायची, की परतताना रे चढायचा. चेलोच्या मानेमागे अंगठा इतका दाबलेला की नखाची कड पांढरी पडली होती. आणि दरवेळी म वाजला की चेहरा कसनुसा. कान कच्चा असता तर तिला ते बोचलंच नसतं.

चेलो पाऊण मापाचा होता, म्हणजे 3/4. "वाढत्या अंगाचा घेतला, दरवर्षी कुठे बदलत बसायचं?" वडील म्हणाले. शाळेच्या गणवेशाला हा हिशेब चालतो, बाही दुमडता येते. चेलोची मान दुमडता येत नाही.

शिंप्याची टेप काढली. वरच्या खाचांच्या पट्टीपासून घोडीपर्यंत तार 62 सेंमी. सुरुवातीच्या जागेवर पहिल्या आणि चौथ्या बोटात जे अंतर लागतं, ते तारेच्या लांबीच्या साधारण सातवा हिस्सा असतं. इथे ते जवळजवळ 9 सेंमी झालं. तिचा हात टेबलाच्या कडेवर, बोटं गोल ठेवून, ताण न देता मोजला: साडेसात. दीड सेंमीची तूट, आणि त्या भागात एक अर्धस्वर पावणेतीन सेंमीचा. म्हणजे तिचा म नेमका अर्ध्या वाटेत अडकत होता.

"हिला पाव चेलो लागेल," मी म्हटलं. ती खुदकन हसली, "वडापावमधला?" वडिलांना मात्र ते खेळणं वाटलं. पाव हे नुसतं नाव आहे. पूर्ण चेलोचं खोड 75-76 सेंमी, तर पाव मापाचं साधारण 58.

क्लासातला पाव चेलो काढला, तर पावसानं खुंट्या फुगून बसलेल्या. अशा वेळी जोर लावला की तार तुटते. एका वेळी एकच खुंटी किंचित बाहेर ओढायची, घासणाऱ्या जागी पेन्सिलीचं शिसं फिरवायचं, परत आत दाबत सूर लावायचा. चारही तारा एकदम सैल करायच्या नाहीत. आतली उभी काडी तारांच्या नुसत्या दाबावर उभी असते. फ्रेंचमध्ये तिला आत्मा म्हणतात. ती पडली की वाद्य कारागिराकडे.

मग बैठक. मोठ्यांच्या खुर्चीवर तिचे पाय लोंबत होते, म्हणून 32 सेंमीचा स्टूल दिला. तळवे जमिनीवर, खोडाची वरची कड छातीच्या हाडावर, दोन्ही गुडघे खालच्या फुगीर भागाशी, सीची खुंटी डाव्या कानाच्या किंचित मागे. पाऊण चेलोची एंडपिन, म्हणजे जमिनीवर टेकणारी खालची सळई, पूर्ण आत ढकलली तरी ती खुंटी डोक्याच्या वर जात होती. मान वाकडी करून बसायची सवय तिथूनच लागलेली. आमच्याकडच्या गुळगुळीत टाइल्सवर एंडपिन सरकते आणि मूल गुडघ्यांनी वाद्य आवळून धरतं. म्हणून जुना सुती पट्टा स्टूलच्या पायाला बांधून त्याच्या फासात टोक अडकवलं.

पहिल्यांदा म चक्क चढा आला. ताणायची सवय झालेलं चौथं बोट पुढे पळत होतं. "अगं, आता हात लांबवायचा नाही, नुसता ठेवायचा." आठ-दहा वेळा रे-म, रे-म झालं आणि बोट बसलं. तिनं वर पाहिलं नाही. तोच म पुन्हा वाजवला, सावकाश, पूर्ण गजाचा.

वडिलांचा प्रश्न आलाच: "हा किती दिवस पुरेल?" साधारण दोन वर्षं, पण वयावर जायचं नाही, सहा-सहा महिन्यांनी टेप लावायची. लहान मापं भाड्यानं घेतलेली बरी. गजही पाव मापाचाच हवा, आणि ताराही. मोठ्या मापाच्या तारा आखूड खोडावर ढिल्या राहतात, आवाज बसका येतो. पाऊण चेलो विकू नका म्हटलं. कपाटावर नको, भिंतीच्या कोपऱ्यात कुशीवर निजवून ठेवा.